गुगल-मेटाला लगाम कसा घालायचा? महाडजवळच्या नाते गावच्या सीडींनी 70 वर्षांपूर्वी असाच पेपर सोडवायला घेतला होता

पोलादपूरच्या एसटी स्टँडबाहेर चहाची टपरी. चहा पिऊन झाला की मोबाईल काढायचा, क्यूआर कोड स्कॅन करायचा, टिंग वाजलं की निघायचं. व्यवहार झाला पोलादपुरातल्या दोन माणसांमध्ये. पण तो ज्या ॲपवरून झाला, ते बहुतेक वेळा फोनपे असतं नाहीतर गुगल पे. फोनपेत सगळ्यात मोठा वाटा अमेरिकेच्या वॉलमार्टचा आहे आणि गुगल पे तर थेट गुगलचंच.

यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने नोव्हेंबर 2020 मध्ये सांगितलं होतं, की कुठल्याही एका ॲपकडे एकूण व्यवहारांपैकी 30 टक्क्यांपेक्षा जास्त वाटा नको. ही मर्यादा पाळायची मुदत वाढत वाढत आता 31 डिसेंबर 2026 वर गेली आहे. कारण सरळ आहे. कोट्यवधी लोकांना ज्याची सवय झाली, ते एका आदेशाने थांबवता येत नाही.

मोठ्या कंपन्यांना आवर कसा घालायचा आणि त्यांच्यामागे दुसरा देश उभा असेल तर काय करायचं, हे प्रश्न मोबाईलसोबत आलेत असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात स्वतंत्र भारताच्या पहिल्या दहा वर्षांतच ते सरकारच्या टेबलावर आले होते. आणि त्या टेबलामागे बसलेला माणूस याच भागातला होता.

पोलादपूर तालुका म्हटलं की उमरठ आणि तानाजी मालुसरे आठवतात. महाड म्हटलं की चवदार तळं आणि रायगड. पण महाडहून रायगडाकडे जाताना वाटेत नाते नावाचं गाव लागतं, तिथे थांबणारे कमीच. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री चिंतामण द्वारकानाथ देशमुख, म्हणजे सी. डी. देशमुख, 14 जानेवारी 1896 रोजी या नाते गावात जन्मले.

वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी बँकेत कसा पोहोचला?

वडील द्वारकानाथ देशमुख वकील होते. आईचं नाव भागीरथीबाई. घर सीकेपी. चिंतामणरावांचं लहानपण रोह्याच्या परिसरात गेलं. 1912 साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते मुंबई विद्यापीठात पहिले आले. संस्कृतसाठी असलेली मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली.

पुढे ते केंब्रिजच्या जीझस कॉलेजात गेले. विषय होते वनस्पतिशास्त्र, रसायनशास्त्र आणि भूगर्भशास्त्र. अर्थशास्त्र नव्हतंच. 1918 मध्ये लंडनला आयसीएसची परीक्षा झाली आणि त्यातही ते पहिले आले.

नोकरी मिळाली मध्य प्रांत आणि वऱ्हाडात. महसूल, अर्थ अशी खाती सांभाळत ते वर चढत गेले. 1931 च्या दुसऱ्या गोलमेज परिषदेत त्यांनी सचिव म्हणून काम केलं. 1939 मध्ये सरकारने त्यांना रिझर्व्ह बँकेत पाठवलं, तेव्हा बँक सुरू होऊन चारच वर्षं झाली होती. 1941 मध्ये ते डेप्युटी गव्हर्नर झाले. गव्हर्नर जेम्स टेलर यांचं 1943 च्या सुरुवातीला निधन झालं आणि त्याच वर्षी 11 ऑगस्टला देशमुख गव्हर्नरच्या खुर्चीत बसले. भारतीय माणसाची गव्हर्नर म्हणून सही असलेल्या नोटा देशात पहिल्यांदा चलनात आल्या त्या त्यांच्याच काळात.

पण ती खुर्ची मिळाली तो काळ महायुद्धाचा होता. बंगालमध्ये दुष्काळाने माणसं मरत होती, महागाई भडकली होती. आणि इथूनच गोष्टीतला पहिला मोठा पेच सुरू होतो.

देणेकरीच ताकदवान असेल तर?

झालं असं होतं. युद्धासाठी ब्रिटन भारतातून धान्य, कापड, इतर सामान आणि सैनिक घेत होतं. त्या खर्चाचे पैसे मात्र भारतात येत नव्हते. ते लंडनमधल्या खात्यावर पौंडात जमा दाखवले जायचे. त्या जमेच्या आधारावर रिझर्व्ह बँक इथे रुपयांच्या नोटा छापायची. बाजारात नोटा वाढल्या, माल कमी झाला आणि भाव चढले.

युद्ध संपेपर्यंत लंडनला भारताचे सुमारे 130 कोटी पौंड साचले होते. तेव्हाच्या दराने ही रक्कम 1,700 कोटी रुपयांच्या वर जाते. पिढ्यानपिढ्या ब्रिटनचा कर्जदार असलेला भारत आता ब्रिटनचा सावकार झाला होता. पण वही ब्रिटनकडे, तिजोरी ब्रिटनकडे आणि सत्ताही ब्रिटनचीच. वसुली करायची कशी?

जुलै 1944 मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वूड्स इथे 44 देशांची परिषद भरली. युद्धानंतर जगाचा पैसा कोणत्या नियमांनी चालेल हे तिथे ठरणार होतं. आयएमएफ आणि जागतिक बँक या परिषदेतूनच निघाल्या. भारतीय शिष्टमंडळाचे प्रमुख होते व्हाइसरॉयच्या मंडळातले ब्रिटिश अर्थसदस्य जेरेमी रेझमन. देशमुख, षण्मुखम चेट्टी, ए. डी. श्रॉफ हे भारतीय सदस्य होते.

भारतीय सदस्यांनी मागणी लावून धरली, की साचलेल्या पौंडांपैकी निदान काही भाग दुसऱ्या चलनात बदलून घेण्याची सोय आयएमएफने करावी. समोर होते ब्रिटनचे जॉन मेनार्ड केन्स. ब्रिटन हे देणं मानतं, पण त्याचा हिशोब दोन देशांनी आपसात करावा, अशी त्यांची भूमिका होती. अमेरिकेलाही हे ओझं नव्या संस्थेवर नको होतं. मागणी फेटाळली गेली.

मतांचा वाटा ठरवतानाही हेच दिसलं. भारताला 40 कोटी डॉलरचा कोटा मिळाला. तो अमेरिका, ब्रिटन, सोव्हिएत संघ, चीन आणि फ्रान्स यांच्यानंतर सहावा होता, आणि कायमची खुर्ची पहिल्या पाच देशांना होती. पुढे सोव्हिएत संघ आयएमएफमध्ये आलाच नाही. त्यामुळे भारत पाचवा झाला आणि खुर्ची मिळाली. युक्तिवादाने जे मिळालं नव्हतं, ते दोन महासत्तांच्या फारकतीमुळे मिळालं.

लंडनला अडकलेले पैसे 1947 पासून वेगवेगळे करार करत टप्प्याटप्प्याने सोडवावे लागले.

आज आपण डेटाबद्दल बोलतो तेव्हा हाच मुद्दा पुन्हा समोर येतो. माल आपला, नोंद परदेशातल्या यंत्रावर. म्हणूनच एप्रिल 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने आदेश काढला, की भारतातल्या पेमेंटचा डेटा भारतातच साठवायचा. तो पाळला नाही म्हणून जुलै 2021 मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घ्यायला बंदी झाली. जवळपास वर्षभराने, नियम पूर्ण केल्यावर, ती उठली.

खेळाडू तोच, पंचही तोच

स्वातंत्र्य आणि फाळणीच्या काळात देशमुखच गव्हर्नर होते. 30 जून 1948 पर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान दोन्ही देशांची बँक म्हणून काम करत होती. 1 जानेवारी 1949 ला ती सरकारी मालकीची झाली आणि त्याच वर्षी देशातल्या बँकांवर देखरेखीचा कायदा आला. जूनअखेर देशमुख पदावरून उतरले.

1950 मध्ये नियोजन आयोगाच्या मुद्द्यावरून अर्थमंत्री जॉन मथाई यांनी राजीनामा दिला आणि नेहरूंनी देशमुखांना अर्थमंत्री केलं. 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत ते काँग्रेसच्या तिकिटावर कुलाबा मतदारसंघातून निवडून आले. कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा.

आता त्यांच्यासमोर होती इम्पीरियल बँक. 1921 मध्ये बंगाल, मुंबई आणि मद्रासच्या तीन बँका एकत्र करून ती बनली होती. रिझर्व्ह बँक नव्हती तोवर सरकारचे पैसे तिच्याकडेच असायचे. इतर बँकाही आपली शिल्लक तिच्याकडे ठेवायच्या. आणि त्याच वेळी ती त्याच बँकांशी ग्राहकांसाठी स्पर्धा करायची.

ऑनलाइन दुकानाबद्दल आज हीच तक्रार होते. बाजारपेठ ज्याची, तोच तिथे स्वतःचा मालही विकतो आणि इतर विक्रेत्यांचे आकडेही त्यालाच दिसतात.

1935 नंतरही इम्पीरियल बँकेचं वजन कमी झालं नव्हतं. तिचा सगळा ओढा शहरांकडे आणि व्यापाराकडे होता. गावाकडच्या शेतकऱ्याला कर्ज हवं असेल तर सावकाराशिवाय इलाज नव्हता. ग्रामीण पतपुरवठ्याची देशभर पाहणी झाली आणि समितीने शिफारस केली, की सरकारच्या भागीदारीतली मोठी बँक उभी करा. 1 जुलै 1955 ला इम्पीरियल बँकेची स्टेट बँक ऑफ इंडिया झाली. भागधारकांना भरपाई मिळाली आणि नव्या बँकेवर कायद्याने अट आली, की पाच वर्षांत 400 नव्या शाखा उघडायच्या.

गंमत म्हणजे स्टेट बँकेचे पहिले अध्यक्ष झाले जॉन मथाई. ज्यांच्या राजीनाम्यामुळे देशमुख अर्थमंत्री झाले होते, तेच.

शेअर मूठभर, ताबा सगळा

दुसरं प्रकरण याहून अवघड होतं. त्याचं नाव मॅनेजिंग एजन्सी.

समजा एक कापड गिरणी आहे. तिचे भागधारक हजारो आहेत. पण गिरणी चालवायचा करार झालाय एका वेगळ्या पेढीशी. त्या पेढीकडे शेअर थोडेच, निर्णय मात्र सगळे तिचे. यंत्रं कुठून घ्यायची, कोळसा कुणाकडून, माल कुणामार्फत विकायचा, सगळं तीच ठरवणार. आणि बऱ्याचदा त्यातला पुरवठादार किंवा दलालही तिच्याच घरातला असायचा.

मुंबईच्या सुरुवातीच्या गिरण्यांत या पेढ्या उत्पादनाच्या दर पौंडामागे पाव आणा घ्यायच्या. गिरणीला नफा झाला की तोटा, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. एकाच पेढीकडे ताग, चहा, कोळसा, जहाजं अशा अनेक कंपन्या असायच्या. एका कंपनीतला पैसा दुसरीत फिरवणंही चालायचं. कलकत्त्याच्या अँड्र्यू यूल, बर्ड यांसारख्या ब्रिटिश पेढ्या अशाच वाढल्या, आणि पुढे भारतीय उद्योग घराण्यांनीही हाच मार्ग धरला.

दुसरी बाजूही होती. भांडवल मिळणं कठीण होतं त्या काळात याच पेढ्यांनी स्वतःच्या हमीवर कारखाने उभे केले होते. त्यामुळे संसदेत दोन टोकं पडली. डाव्यांना ही पद्धत ताबडतोब बंद हवी होती. उद्योजक सांगत होते, की असं केलंत तर गुंतवणूकच थांबेल.

देशमुखांनी मधली वाट धरली. कंपनी कायद्याचा अभ्यास करायला भाभा समिती नेमलेली होती, तिचा अहवाल 1952 मध्ये आला. त्यावरून तयार झालेलं विधेयक देशमुखांनी संसदेतून पार नेलं. 658 कलमांचा हा कंपनी कायदा 1 एप्रिल 1956 पासून लागू झाला.

त्यात मॅनेजिंग एजंटांसाठी आधीच आखून दिलेल्या मर्यादा होत्या. नेमणुकीला सरकारची परवानगी लागणार. पहिली मुदत जास्तीत जास्त 15 वर्षं. मोबदला निव्वळ नफ्याच्या 10 टक्क्यांपर्यंतच. आणि 15 ऑगस्ट 1960 नंतर एका एजंटाकडे दहापेक्षा जास्त कंपन्या नकोत. चूक झाल्यावर दंड लावत बसण्यापेक्षा खेळ सुरू होण्याआधीच मैदानाच्या रेषा मारायच्या, असा हा विचार होता.

जमलं का? अर्धवट. याच कायद्यात सेक्रेटरी अँड ट्रेझरर नावाचा थोड्या कमी अधिकारांचा दुसरा प्रकार ठेवलेला होता. मॅनेजिंग एजन्सीतून बाहेर पडून त्या दाराने पुन्हा आत यायची सोय उरली. शेवटी 3 एप्रिल 1970 पासून दोन्ही प्रकार कायमचे बंद झाले. कायदा आल्यानंतर तब्बल 14 वर्षांनी.

मक्तेदारी मोडताना तयार झालेली मक्तेदारी

1956 च्या जानेवारीत देशमुखांनी सगळ्यात धाडसी पाऊल उचललं. आधीच्या दहा वर्षांत 25 आयुर्विमा कंपन्या दिवाळखोरीत गेल्या होत्या. आणखी 25 कंपन्यांनी पैसे इतके उधळले होते, की त्यांचा धंदा दुसऱ्यांकडे सोपवावा लागला. भुर्दंड पडला तो विमाधारकांना. उद्योगपती रामकृष्ण दालमियांच्या विमा कंपनीतला गैरव्यवहार फिरोज गांधींनी डिसेंबर 1955 मध्ये लोकसभेत मांडला होता.

तयारी गुपचूप झाली. आधी कुणकुण लागली असती तर कंपन्यांतला पैसा बाहेर गेला असता. 19 जानेवारी 1956 ला अध्यादेश निघाला आणि त्याच संध्याकाळी देशमुखांनी रेडिओवरून देशाला माहिती दिली. 154 भारतीय विमा कंपन्या, 16 परदेशी कंपन्या आणि 75 प्रॉव्हिडंट सोसायट्या, म्हणजे एकूण 245 संस्थांचा कारभार सरकारकडे आला. 1 सप्टेंबर 1956 ला एलआयसी सुरू झाली.

लोकांचे पैसे सुरक्षित झाले, विमा गावोगाव पोहोचला. पण 245 संस्थांच्या जागी एकच उरली. पुढची चार दशकं ग्राहकाला दुसरा पर्यायच नव्हता. 1999 च्या कायद्यानंतर खासगी कंपन्या परत आल्या, तेव्हा कुठे आयुर्विम्यात स्पर्धा सुरू झाली.

देशमुखांच्या कामाचं मोजमाप करताना ही बाजू सोडून चालत नाही. खासगी कंपनीची मनमानी थांबवण्याचा एक मार्ग म्हणजे ती सरकारने ताब्यात घेणं. पण स्पर्धा त्यातून आपोआप येत नाही. 1969 मध्ये मक्तेदारीविरोधी एमआरटीपी कायदा आला, त्याचाही भर कंपन्यांच्या आकारावर होता. मोठं असणं हा गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर हा गुन्हा, या विचारावर उभा असलेला स्पर्धा कायदा यायला 2002 उजाडलं.

मुंबईसाठी सोडलेली खुर्ची

एलआयसी सुरू झाली तेव्हा मात्र देशमुख अर्थमंत्री नव्हते.

जानेवारी 1956 मध्ये केंद्राने जाहीर केलं, की मुंबई शहर महाराष्ट्राला न देता केंद्राच्या ताब्यात ठेवायचं. मुंबई पेटली. पोलिसांच्या गोळीबारात माणसं मारली गेली. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हुतात्म्यांची संख्या शंभराच्या वर गेली.

गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, असं देशमुखांचं म्हणणं होतं. ती झाली नाही. मुंबईबद्दलचे निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर होतात, हीही त्यांची तक्रार होती. जुलै 1956 मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि लोकसभेत उभं राहून नेहरूंच्या कारभारावर थेट टीका केली. देशाच्या अर्थमंत्र्याने आपल्या राज्याच्या प्रश्नावर पद सोडलं, ही बातमी महाराष्ट्रात घरोघर पोहोचली. 1 मे 1960 ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

खुर्चीनंतरचे देशमुख

राजीनाम्यानंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, नंतर 1962 ते 1967 दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. दिल्लीच्या इंडिया इंटरनॅशनल सेंटरच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. 1959 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1975 मध्ये पद्मविभूषण. 1969 ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढवली. व्ही. व्ही. गिरी जिंकले, संजीव रेड्डी दुसरे आणि देशमुख तिसरे आले.

संस्कृत त्यांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी अनुवाद केला. पहिली पत्नी रोझिना यांचं 1949 मध्ये निधन झालं. 1953 मध्ये त्यांनी संविधान सभेच्या सदस्य राहिलेल्या दुर्गाबाईंशी लग्न केलं. 2 ऑक्टोबर 1982 रोजी हैदराबादमध्ये देशमुखांचं निधन झालं.

मग आजच्या भांडणाशी याचा संबंध काय?

ऑक्टोबर 2022 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने गुगलला 1,337.76 कोटींचा दंड लावला. अँड्रॉइड फोनमध्ये स्वतःची ॲप आधीपासून भरून ठेवणं हा त्यातला एक मुद्दा होता. नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसी धोरणावरून मेटाला 213.14 कोटींचा दंड झाला. पण चौकशी, अपील, पुन्हा अपील यात वर्षं जातात आणि तोपर्यंत बाजार एकाच कंपनीच्या हातात गेलेला असतो.

म्हणून मार्च 2024 मध्ये केंद्राने डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा समोर ठेवला. मोठ्या प्लॅटफॉर्मना काय करता येणार नाही हे आधीच लिहून ठेवायचं, ही त्यातली कल्पना. युरोपने अशाच कायद्याखाली सप्टेंबर 2023 मध्ये गुगलची पालक कंपनी अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टिकटॉकची मालक बाइटडान्स अशा सहा कंपन्यांवर बंधनं घातली. सहापैकी पाच अमेरिकी, एक चिनी. साहजिकच हा विषय कंपन्यांपुरता राहिला नाही.

भारताने 2016 मध्ये परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर 6 टक्के कर लावला होता, 2020 मध्ये ई-कॉमर्सवर आणखी 2 टक्के. अमेरिकेने हा कर भेदभाव करणारा आहे असं ठरवलं आणि उलट आयात शुल्काची भीती दाखवली. 2 टक्क्यांचा कर ऑगस्ट 2024 मध्ये गेला. 6 टक्क्यांचाही 1 एप्रिल 2025 पासून गेला, तेव्हा अमेरिकेशी व्यापाराच्या वाटाघाटी सुरू होत्या. ब्रेटन वूड्समध्ये जे दिसलं होतं तेच पुन्हा दिसलं. नियम कितीही योग्य असो, तो टिकवायला वाटाघाटीच्या टेबलावर वजन लागतं.

देशमुखांच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट कळते. नियम आधी आखले तरी एक पळवाट 14 वर्षं पुरते. त्यामुळे डिजिटल कायद्याचा नवा मसुदा येईल तेव्हा दंडाच्या आकड्यापेक्षा त्यातल्या सवलती आणि अपवाद आधी वाचायला हवेत. आणि परदेशी कंपनीच्या जागी एकच देशी कंपनी बसली, तर पोलादपूरच्या चहावाल्यापुढे पर्याय तेवढेच राहतील, हेही.

पुढच्या वेळी महाडहून रायगडाकडे निघालात, तर नाते गाव लागेल तेव्हा गाडी जरा हळू घ्या.